पाण्याच्या शेजारी सागवान

आपल्याकडे न्हाणीघर धुतात. फरशीवर बादलीभर पाणी ओतायचं, खराट्यानं घासायचं आणि पाणी जाळीकडे लोटायचं. आंघोळीची जागा काचेआड बंद केलेली नसेल तर तांब्यातलं पाणी बेसिनच्या पायापर्यंत रोजच उडतं. परदेशी व्हिडिओंत दिसणारी बेसिनखालची कपाटं जमिनीवर टेकलेली असतात, कारण तिथल्या बाथरूमची जमीन कोरडी असते. तेच कपाट जसंच्या तसं पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं की एक-दोन पावसाळ्यांत त्याचा तळ फुगतो. म्हणून आमच्या घरासाठी असं कपाट स्वतः करायचं ठरवलं, तेव्हा कागदावर पहिली रेघ मी जमिनीपासून एक फूट वर मारली. त्या रेघेच्या खाली लाकूड येऊ द्यायचं नाही, हे बाकी सगळ्याच्या आधी ठरलं.

बँकेतली नोकरी सांभाळून मी शनिवार-रविवार लाकूडकाम करते. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत माझा बाक आहे. एक शिकंजा, दोन रंधे, पटाश्यांचा संच. शेजाऱ्यांची दुपारची झोप मोडू नये म्हणून बहुतेक काम हाताच्या अवजारांनी. पाट, चौरंग, पुस्तकांची मांडणी असं करत करत हात बसला. बेसिनखालचं कपाट या सगळ्यांहून वेगळं निघालं. मांडणी करताना लाकूड कुठे हवं याचा विचार होतो; इथे लाकूड कुठे नको हे आधी पाहावं लागतं. पाण्याला वाहून जायला जागा हवी, हवेला फिरायला हवी, प्लंबरचा हात आत जायला हवी आणि खुद्द लाकडाला फुगायलाही हवी. मला विचाराल तर हे काम निम्मं सुतारकीचं आहे आणि निम्मं जागा सोडण्याचं. त्यातलं दुसरं निम्मं शिकवणारं फारसं कुणी भेटत नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

तयार मिळणारी स्वस्त कपाटं पार्टिकल बोर्डची असतात. लाकडाचा चुरा गोंदात कालवून, गरम दाबाखाली चेपून त्याच्या पाट्या करतात. कडेची पट्टी कुठे सुटली की पाणी आत शिरतं आणि चेपलेला चुरा फुलतो. एकदा फुललेला बोर्ड वाळला तरी मूळ जाडीला परत येत नाही. लाकडाच्या बारीक तंतूंपासून केलेल्या साध्या एमडीएफची गतही तीच. हल्ली मिस्त्री मंडळी डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) किंवा पीव्हीसीचा बोर्ड सुचवतात. पाण्याला तो खरोखरच दाद देत नाही. पण बिजागरीच्या स्क्रूला त्यात लाकडासारखी पकड मिळत नाही, दार जड असलं तर ते पुढे ढिलं पडतं, आणि रंध्याला त्यात काहीच काम नाही. मला रंध्याला काम हवं होतं.

कपाटाच्या दोन्ही बाजू मी 19 मिलिमीटर प्लायच्या केल्या, आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या. सातशे दहा म्हणजे मरीन प्लाय. त्यातला गोंद 72 तास उकळत्या पाण्यात राहूनही सुटता कामा नये, अशी मानकाची अट आहे. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून पुढे केलेला प्रत्येक प्लाय 710 असतोच असं नाही, तेव्हा शिक्का स्वतः वाचून घ्यावा. आणि गोंद टिकला म्हणून काम संपत नाही. प्लायच्या उघड्या कडा पाणी पितातच. त्या कडा झाकायला मी सागाच्या बारीक पट्ट्या (लिपिंग) लावल्या. समोरची चौकट, दारं आणि तळ मात्र सगळं अस्सल सागवान.

उंचीचं गणित आधी सांगते, कारण त्यातच बहुतेक घरांची गल्लत होते. आम्हाला दगडावर ठेवायचं टेबलटॉप बेसिन बसवायचं होतं. साधं बेसिन भिंतीवर 32-33 इंचांवर लावायची पद्धत आहे, आणि त्याच सवयीनं दगडही 32 इंचांवर लावला जातो. त्यावर पाच इंचांचं बेसिन चढलं की कड 37 इंचांवर जाते आणि तोंड धुताना पाणी कोपरावरून ओघळून अंगावर येतं. मोजायची ती बेसिनची वरची कड. आमच्या सासूबाई ठेंगण्या आणि मुलगा उंच. आई म्हणाल्या, “अगं, मला टाचा उंचवायला लागू नयेत, एवढंच बघ. वाकायचं काय, तो वाकेल.” मग खोक्यांवर घमेलं ठेवून, खाली विटा वाढवत-कमी करत सगळ्यांना पाण्याशिवायच तोंड धुवायला लावलं. कड 32 इंचांवर ठरली, म्हणजे दगड 27 वर. दगडाची जाडी आणि तळाखालची फूटभर जागा वजा जाता कपाटाला जेमतेम 14 इंच उंची उरली. रुंदी 30, खोली 18. आकार आपोआप ठरत गेला, आणि जे ठरलं ते डोळ्यालाही नीट दिसलं.

लाकडासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेले. नवीन सागवान तिथे घनफुटावर मिळतं आणि भाव विचारतानाच कळतं की सागाचं कपाट करणं हा निर्णय पाकिटाशीही बोलून घ्यायला हवा. मी जुन्या लाकडाकडे वळले. पेठांमधले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या अशा व्यापाऱ्यांकडे येऊन पडतात. पुण्याचं सागवानाशी नातं फार जुनं आहे. 1730 साली शनिवारवाड्याचं काम सुरू झालं तेव्हा त्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातून आणलं होतं. 1828 च्या आगीत ते जळून गेलं; आज उभे आहेत ते दगडी तट आणि जोती. विश्रामबागवाड्याचं कोरीव लाकडी दर्शन मात्र अजून रस्त्यावरून दिसतं, आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की या शहरातले सुतार काय तोलाचे होते ते समजतं. पाडलेल्या वाड्याची तुळई विकत घेताना मनाला थोडं लागतं. तरीही ती कुणाच्या चुलीत जाण्यापेक्षा किंवा पावसात कुजण्यापेक्षा पुन्हा घरात यावी, असं मला मनापासून वाटतं.

घेतलेल्या तुळईवर धुराचा आणि चुन्याचा जाड थर होता. करवतीला देण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवलं. जुन्या लाकडात गावठी, चौकोनी अंगाचे खिळे खोल रुतलेले असतात आणि त्यातला एक जरी राहिला तरी यंत्राचं पातं जातं. खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडलेलं असतं. लोखंड आणि लाकडातला टॅनिन यांची ओल्या हवेत होणारी ती प्रक्रिया आहे. म्हणून न्हाणीघरातल्या सागकामात साधे लोखंडी स्क्रू वापरूच नयेत. मी बोहरी आळीतून पितळी बिजागऱ्या आणि पितळी स्क्रू आणले. पितळ मऊ असतं, सागात जोर लावून पिळलं तर मान तुटते. आधी गिरमिटानं भोक पाडायचं, त्यात त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा पिळून काढायचा आणि मग त्या तयार वाटेनं पितळी स्क्रू जाऊ द्यायचा.

काजळासारखी काळी दिसणारी ती तुळई गिरणीत उभी चिरली आणि आतून मधासारखा रंग बाहेर आला. रंध्याखाली पहिली साल निघाली तसा तो कातड्याचा, किंचित तेलकट वास गच्चीभर पसरला. शंभर वर्षांहून जास्त काळ छतात गेलेल्या लाकडात हा वास शिल्लक असतो, याचं मला अजून नवल वाटतं. त्याच तेलकटपणामुळे वाळवी सागाला सहसा शिवत नाही. सागात सिलिकाही असते, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं आणि परजण्याचा दगड सतत हाताशी ठेवावा लागतो. ताज्या रंधलेल्या सागावर हिरवट-तपकिरी पट्टे दिसतात. ते पाहून घाबरू नये. उजेडात काही आठवडे राहिलं की रंग एकसारखा सोनेरी होतो.

चिरून देणारे मिस्त्री अनुभवी होते. म्हणाले, “ताई, जुनं लाकूड मेलेलं असतं. आता हलायचं नाही. बिनधास्त चिकटवा.” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि वयाचा मान ठेवूनही मला ते पटत नाही. मी म्हटलं, “काका, वाकायचं नाही हे खरं, पण पावसाळ्यात फुगेल ना?” ते हसले आणि पुढची फळी लावली. जुनं, मुरलेलं लाकूड पिळत नाही, तडकत नाही, इथपर्यंत त्यांचं बरोबरच आहे. पण हवेतल्या दमटपणाशी त्याची देवघेव कधीच थांबत नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेची आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते आणि जुलैत ऐंशीच्या वर जाते. पहिल्या हवेत बराच काळ राहिलेल्या लाकडात पाण्याचा अंश सहा टक्क्यांच्या आसपास असतो, दुसऱ्या हवेत सोळाच्या आसपास. लांबीत लाकूड जवळपास तेवढंच राहतं, फरक पडतो तो रुंदीत. सागाची दहा इंच रुंद साधी चिरलेली फळी या दोन टोकांमध्ये साडेचार मिलिमीटरपर्यंत हलू शकते, म्हणजे सुताराच्या मापात जवळजवळ दीड सूत. इतर जातींच्या मानानं हे कमीच आहे, सागाचा लौकिक उगाच नाही. पण दीड सुतानंही दार चौकटीत अडकतं, आणि दाराचं मधलं पॅनल चारी बाजूंनी गोंदानं जखडलं असेल तर ते सांधा उचकटतं किंवा स्वतः फाटतं.

यावरचा उपाय आपल्या जुन्या दारांतच आहे. उभ्या दोन आणि आडव्या दोन पट्ट्यांची चौकट करायची, तिला आतून खोबण पाडायची आणि पॅनल त्या खोबणीत गोंदाशिवाय नुसतं बसवायचं. चौकट दाराला आकार देते, पॅनल तिच्या आत मोकळं श्वास घेतं. मी काम उन्हाळ्यात केलं, म्हणजे पॅनल सर्वांत अरुंद असताना. खोबणीत दोन्ही बाजूंना एकेक सूत रिकामी जागा ठेवली. वर आणि खाली, अगदी मधोमध, गोंदाचा एकेक थेंब, म्हणजे फुगणं दोन्हीकडे सारखं वाटलं जातं. पॅनलला पॉलिशचे सगळे हात चौकटीत बसवण्याआधीच दिले. नंतर दिले तर कोरड्या हवेत पॅनल आकसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ दिसते. चौकटीच्या पट्ट्यांसाठी तुळईचे असे भाग निवडले जिथे टोकाकडून पाहिल्यावर वर्षवलयं पट्टीच्या रुंद पृष्ठभागाला काटकोनात उभी दिसतात. असं लाकूड रुंदीत साधारण निम्मंच हलतं. दोन दारांमधली फट एक सूत ठेवायची हिंमत मला त्या उभ्या रेघांमुळे झाली.

सांधे कुसवाचे. उभ्या पट्टीत चौकोनी घर खोदायचं आणि आडव्या पट्टीच्या टोकाला त्यात बसणारं कुसू काढायचं. या कामात मी सगळ्यात जास्त रमते. खतावणीनं, म्हणजे कडेला समांतर खूण करायच्या अवजारानं, रेघ ओढायची, रेघेच्या आत राहून करवत चालवायची, मग पटाशीनं केसाएवढं केसाएवढं तासत जायचं आणि दर वेळी काटकोन तपासायला गुण्या लावून पाहायचं. कुसू हाताच्या दाबानं आत जावं आणि उलटं धरल्यावर पडू नये, एवढं घट्ट. ते तसं बसलं की गोंदाला फारसं काम उरत नाही. तरी गोंद लावायचाच, आणि सागाला लावताना एक पथ्य आहे: सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग थिनरनं पुसून घ्यायचे आणि लगेच मरीन गोंद लावून शिकंज्यात धरायचे. थांबलं तर लाकडातलं तेल पुन्हा वर येतं आणि गोंद धरत नाही.

तळाबद्दल घरात चर्चा झाली. मी तळाला फळी लावलीच नाही. सागाच्या दोन-दोन इंचांच्या पट्ट्या, मध्ये तीन-तीन सूत फटी. आईंना ते पसंत नव्हतं. “बारीकसारीक वस्तू खाली पडतील,” त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि त्यासाठी आत स्टीलचे दोन डबे ठेवले. पण बेसिनखालच्या कपाटाला मारतो तो बारीक, न दिसणारा पाझर. कनेक्शन पाईपच्या चकतीतून थेंब-थेंब पाणी येतं, सपाट तळावर साचतं, फिनाईलच्या बाटलीमागे दिसत नाही आणि कळतं तेव्हा लाकूड काळं पडलेलं असतं. पट्ट्यांच्या तळातून तोच थेंब त्याच दिवशी फरशीवर पडतो आणि झाडताना दिसतो. पाठीलाही फळी नाही, वर आणि खाली फक्त एकेक आडवी पट्टी. हवा खालून शिरते आणि मागून वर जाते. कपाट उघडल्यावर कुबट वास येत नाही, याचं श्रेय कुठल्याही पॉलिशला नाही, ते या फटींना आहे.

पॉलिशवर वाद घालणारे लोक खूप आहेत. मी थोडक्यात सांगते. नुसतं जवसाचं तेल न्हाणीघरात नको, दमट हवेत त्यावर बुरशी धरते. चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश, सुंदर दिसते, पण पाण्याचे पांढरे डाग धरते. मी पीयू (पॉलियुरेथेन) वापरलं, पहिला हात थिनर घालून पातळ केलेला, म्हणजे तो आत मुरतो. कुठलंही पॉलिश निवडा, पण न दिसणाऱ्या बाजूंनाही तेवढेच हात द्या. फळीची टोकं सर्वांत जास्त पाणी ओढतात, त्यांना आणखी दोन. आणि हे काम पाऊस सुरू होण्याआधी उरका. दमट हवेत लॅकर मारलं की त्यावर दुधासारखी झाक चढते.

बसवणं अर्ध्या दिवसाचं काम होतं. दगड आणि बेसिन मिळून पंचवीस किलोंच्या घरात वजन होतं, वर हात टेकून उभं राहणारं माणूस. हा भार मी कपाटावर दिलाच नाही. भिंतीत फास्टनर मारून स्टेनलेस स्टीलचे दोन ब्रॅकेट बसवले आणि दगड त्यांच्यावर. भिंत विटांची होती. एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची असती तर त्यासाठीचे वेगळे फास्टनर घ्यावे लागले असते. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा ठोका बंद ठेवायचा, टाइल पार झाली की मग सुरू करायचा. भोकात फास्टनर घालण्याआधी सिलिकॉन भरलं, नाहीतर भिंतीच्या आतलं वॉटरप्रूफिंग त्या भोकापाशी उघडं राहतं. कपाट दगडाच्या खाली स्वतंत्रपणे, चार बोल्टांवर लटकलेलं आहे.

हे चार बोल्ट मला सगळ्या सांध्यांइतकेच महत्त्वाचे वाटतात. नळकामाला कधीतरी हात लावावाच लागतो. बाटली ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा सांडपाण्याचा बाटलीसारखा भाग, हातानं पिळून काढला आणि बोल्ट सोडले की अख्खं कपाट पुढे ओढून घेता येतं. दगड, बेसिन जागच्या जागी. प्लंबर आला तेव्हा त्यानं आधी सवयीनं विचारलं, “मॅडम, मागची फळी कापू का?” मी दार उघडून मोकळी पाठ दाखवली. त्यानं आत हात घालून पाणी बंद करायचे दोन्ही अँगल कॉक सहज फिरवून पाहिले आणि म्हणाला, “असं सगळीकडे असतं तर बरं झालं असतं.” हे बोलणं माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. सुतारानं कापलेली प्रत्येक वस्तू पुढे कुणीतरी दुरुस्त करणार असतं, आणि त्या माणसाला कोपर हलवायला जागा मिळावी, ही सुताराची जबाबदारी आहे असं मी मानते.

पहिल्या पावसाळ्यात मी फटींवर लक्ष ठेवून होते. जुलैच्या शेवटी दारांमधली सूतभर फट निम्म्याहून कमी राहिली, दारं तरी मोकळी फिरत होती. दिवाळीनंतर ती पुन्हा उघडली. खोबणीतल्या पॅनलची हालचाल बाहेरून कळत नाही. पेन्सिलीनं केलेली खूण पाहिली तर कळते.

आता नणंदेला असंच कपाट हवं आहे, चिपळूणला. तिचं घर तळमजल्यावर आहे आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी तिथे शिरलं होतं. घरोघरचं फुगलेलं प्लायचं फर्निचर तेव्हा चिखलासकट रस्त्यावर ढिगानं पडलं होतं. म्हणून तिच्या कपाटात प्लाय अजिबात नको, सगळं सागाचं, आणि बोल्टांच्या जागी हातानं फिरवता येणारे पितळी नट, म्हणजे इशारा आला की दोघांनी मिळून काही मिनिटांत काढून माळ्यावर टाकता येईल. हवेचाही हिशोब तिकडे निराळा. कोकणात वर्षभर दमटपणा असल्यामुळे लाकूड ऋतूंबरोबर पुण्याइतकं खालीवर होत नाही, पण पुण्याच्या उन्हाळ्यात सुकलेली फळी तिकडे पोचली की एकदम फुगते आणि मग तशीच राहते. इथल्या मापानं कापून पाठवलेली दारं तिथे बंदच होणार नाहीत. तेव्हा चिरलेल्या पट्ट्या आधी तिच्या घरी रवाना करायच्या, मध्ये काड्या घालून, रचून, महिनाभर तिच्या माजघरात ठेवायच्या, आणि मग मी रंधे आणि पटाश्या घेऊन तिकडे जाऊन मापं घेणार. तिनं माजघराचा कोपरा रिकामा करून ठेवला आहे.